दर्याची परतवाट

२७ नोव्हेंबर १९५३
रुडॉल्फचं पत्र आलं! स्वीडनमध्ये किनाऱ्यापासून एका बेटापर्यंत समुद्राखालून विजेची केबल टाकली आहे — टाकणाऱ्यांत माझा मुलगा! पाचूबंदरच्या शाळेत शिकलेला! आपली नेहमीची वीज उलटसुलट वाहते. पाण्याखालच्या लांब केबलमध्ये ती वाटेतच दमते म्हणे. म्हणून ही एकाच दिशेने वाहणारी. केबलही एकच. विजेला परतायला दुसरी तार नाही, समुद्रच!

२८ नोव्हेंबर
बंदरावर सांगितलं. पांडू जाळं सांधत होता. म्हणाला, "बेनेडिक्टभाऊ, तुजा पोर दर्यात वीज सोडतो म्हने! मग तिथले मासे भाजूनच येत असतील. नुसतं मीठ लावायचं!" सगळे हसले. मीही. म्हटलं, एवढ्या पाण्यात ती कुठच्या कुठे पसरते, माशाला कळतही नाही. हे मी सांगत होतो — ज्याच्या घरात अजून रॉकेलची चिमणी जळते!

६ डिसेंबर
चर्चमधल्या मिस्सानंतर ग्रेसीने मेण आणलं. नवसाची मेणबत्ती, रुडॉल्फच्या उंचीची. दाराच्या चौकटीवर त्याच्या उंचीची खूण आहे, तिथून दोरा मापला. उरलेल्या मेणाची मी माझी छोटी केली. नवस फळेपर्यंत बोलायचा नसतो. मी तिला विचारलं नाही, तिने मला नाही. विचारायचं काय! आईचा नवस दुसरा कसला असणार?

१९ जानेवारी १९५४
पत्र. वीज नीट पोचली तर त्याला तिथेच कायमचं ठेवून घेणार. नाही पोचली तर गाशा गुंडाळून घरी.
ग्रेसीला वाचून दाखवलं. ती बोंबील साफ करत होती. "परत वाचा," म्हणाली. वाचलं.

२ फेब्रुवारी
पत्र नाही.

८ मार्च
टेलिग्राम! बेटावर दिवे लागले!! बंदरभर सांगत सुटलो, घसा बसला. पांडूने मिठीच मारली — "भाऊ, आता आपल्या दर्यातल्या अर्नाळ्याच्या किल्ल्यावर पन वीज ने म्हनावं त्याला!" देवा, तुझे उपकार.

९ मार्च
ग्रेसीने आज पवित्र मातेपुढे मेणबत्ती लावली. म्हणाली, "त्याचा दिवा लागू दे, एवढंच मागितलं व्हतं." मग माझ्याकडे वळली. "तुमची कधी लावायची?"
माझी पेटाऱ्यातच आहे. मी तो घरी यावा म्हणून मागितलं होतं.