तुम्ही घरी नसल्याचा पुरावा

भिवंडी

श्री. नरेंद्र यांस धम्मदिनाचा जय भीम.

गुडघा कसा आहे? पडघ्याच्या गोदामात रात्रपाळीला उभे असता, असं सुकन्याताईंकडून कळलं. (मी विचारलं नव्हतं. बहीण तुमची, त्याच आपणहून बोलल्या.) मी ठणठणीत आहे.

पत्रास कारण की आपण कोर्टात जिंकलो. 'आपण' चुकून लिहिलं, मी जिंकले. परित्यक्ता म्हणून मला मिळणारी पेन्शन बंद झाली होती, तीही तुमच्यामुळे. तहसील ऑफिसातून चौकशीला आलेल्या माणसाला दारात तुमच्या चपला दिसल्या. (एकट्या बाईच्या दाराशी पुरुषाच्या चपला असाव्यात, एवढंच.) त्याने समोरच्या गुणाबाईंना विचारलं, ह्यांचे मिस्टर इथेच असतात का? त्या ठसक्यात म्हणाल्या, "मंग! ड्युटीवर गेल्यात. येतील." तुम्ही लूमवर कामाला जातो म्हणून गेलात ते गेलातच; त्या सकाळी मीच त्यांना तसं सांगितलं होतं, पुढे बदलायचं राहून गेलं. बिचारीने इतकी वर्षं माझी अब्रू राखली आणि एका वाक्यात पेन्शन घालवली. शेरा पडला: पती सोबत राहतो, कमावता आहे.

मी बी.ए. आहे, गप्प बसणार नव्हते. अपील केलं. कोर्टात तुमचं पूर्ण नाव घ्यावं लागलं, तेही उखाण्याशिवाय. निकाल माझ्या बाजूने लागला म्हणून पेढे आणायला निघाले, तर वकीलबाई सई म्हणाली, "मावशी, थांबा. कोर्टाने चुकीचा हुकूम रद्द केलाय. कागदांवरूनच सगळं स्पष्ट असतं तर पेन्शन सुरू करा असंही सांगितलं असतं. पण काका घरात आहेत की नाहीत, हे बघायला कोर्ट येत नाही. फेरचौकशीसाठी प्रकरण परत पाठवलंय." कुठे? त्याच ऑफिसात, त्याच टेबलावर! गुणाबाई म्हणाल्या, "बाय, जिंकलीस आन् परत सासरीच धाडली तुला!"

फेरचौकशीला साहेब मंगळवारी येणार. आता तरी खरं सांगा, अशी मी गुणाबाईंना तंबी दिली. त्या उलट माझ्यावरच उखडल्या, "म्हंजे ते येनार न्हाईत? मंग चपला कशाला पुसतेस रोज?" मी बी.ए. आहे, तडक हे पत्र लिहायला बसले.

आपली,
(सवयीने)
धम्मदिना

ता. क. मंगळवारी या आणि तुम्ही इथे राहत नाही, असं साहेबांना स्वतः सांगा. तुमच्याइतका भक्कम साक्षीदार मला दुसरा नाही.

आणखी ता. क. साहेब दुपारी येतात. तुम्ही सकाळीच या. चपलांना नवे तळ बसवून घेतलेत, मापात आहेत का पाहायला हवं.