साळूमावशींचा पाय

पुणे, १२ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप नानांस,
निकिताचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

फोनवर तुम्ही हा विषय हसण्यावारी नेता, म्हणून लिहिते. आईला सांगा, तिचे लाडू प्रयोगशाळेतल्या मंडळींनी आल्या आल्या फस्त केले.

नाना, सव्वीस जानेवारीचा सत्कार डोक्यातून जात नाही. सरपंचांनी माइकवर ठोकून दिलं की आपल्या लेकीनं शुगरच्या जखमेवर औषध शोधलं, आणि मी शाल पांघरून हसत उभी राहिले. वडीलधाऱ्या माणसाला गावासमोर खोडून काढणं उद्धट दिसेल, असं वाटलं. आता स्वतःचीच लाज वाटते. आमचं काम एवढंच, की मूलपेशी अगदी बारीक पिशव्या बाहेर सोडतात, त्या गोळा करायच्या, त्यांत जखम भरून आणणारं द्रव्य घालायचं आणि उंदरांच्या जखमेवर लावून बघायचं. उंदरांपुढे गाडी गेलेली नाही. माणसापर्यंत यायला कित्येक वर्षं जातील, कदाचित येणारही नाही.

पहिल्या रांगेत आपल्या गल्लीतल्या साळूमावशी बसल्या होत्या, शुगरनं चिघळलेल्या पायाच्या अंगठ्याला चिंधी बांधून. त्यांना तरी खरं सांगाल ना?

रागावलात तरी माया पातळ करू नका.
तुमची निकिता

पारनेर, २० फेब्रुवारी २०२५

चि. निकितास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र पोचलं त्याच संध्याकाळी साळूबाईंकडे गेलो. डॉक्टरांनी अंगठा काढायला सांगितलाय, पण त्या नगरहून तशाच परत आल्यात. म्हणाल्या, आपल्या निकीचं औषध येतंय, मग कशाला काढायचा? मी सांगणारच होतो. तेवढ्यात त्यांची सून म्हणाली की आख्ख्या गल्लीत गोरक्षभाऊंच्या पोरीचंच नाव हाय, आणि माझी छाती फुगली गं. होईल सगळं नीट, एवढंच बोललो आणि चहा पिऊन उठलो. तुझ्या आईला मात्र सांगितलं की बोलून आलो.

काल सून सांगत होती, पाऊल काळं पडायला लागलंय. फोनवर तुझ्याशी बोलायला जीभ रेटत नाही. आपल्या गिरणीवर दळणाला बायका येतात, तुझं विचारतात, आणि मी पट्टा बघायच्या निमित्तानं खाली वाकतो. तूच सांग आता काय करू?

बापाला फार बोलू नकोस, एवढा लोभ ठेव.
गोरक्ष

पुणे, ९ मार्च २०२५

तीर्थरूप नानांस,
सा. न., वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी फोनवर ओरडले, त्याची माफी मागते. तुम्ही लगेच गाडी करून मावशींना दवाखान्यात नेलंत म्हणून जीव तरी वाचला. पाय मात्र घोट्याच्या वरून कापावा लागलाच. काल त्यांना भेटून परतताना तुमचा चेहरा बघवत नव्हता, म्हणून पुढचं आता लिहिते.

तुम्ही चहा आणायला खाली गेलात तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. औषध नाही, फक्त उंदीर आहेत, आणि स्टेजवर मी गप्प राहिले ते खोटंच होतं. दोष नानांचा नाही, आधी माझा आहे, हेही सांगितलं. वाटलं, शिव्या देतील, आणि द्याव्यात असं फार वाटत होतं.

त्यांनी एवढंच विचारलं, की उंदराची जखम भरली का? मी भरली म्हटलं. मग माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, की तू वाईट वाटून घिऊ नको, सावकाश कर, माझा दुसरा पाय हाय अजून.

यापुढे माझं कौतुक घराबाहेर नेऊ नका. घरात मात्र थोडं राहू द्या.
तुमची निकिता