ह्यांच्या खालच्या दातांचे हप्ते

तीर्थस्वरूप ताईंना,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. तुमच्या गुडघ्यांना आता उतार पडला असेल अशी आशा करते. तेल मी सांगितलं तेच लावता ना? (महागडं मलम घेऊ नका. त्यातही तेलच असतं, डबी तेवढी वेगळी.) इकडे देवाच्या कृपेने सगळं ठीक. तुमचे बंधू मजेत आहेत आणि चावून जेवतात.

ते चावून जेवतात, त्याचीच ही हकीकत आहे. गेल्या वर्षी ह्यांची कवळी मी शिलकीतून बसवली असं तुम्हाला कळवलं होतं. (शिल्लक होती हे खोटं नाही. पण ती वरच्या दातांपुरतीच होती.) खालच्यांसाठी मी दारावर येणाऱ्या एका माणसाकडून कर्ज काढलं. बँकेत गेले असते तर ह्यांना कळलं असतं आणि हे म्हणाले असते, राहू दे, मी वरच्यांवर भागवतो. हा माणूस दर सोमवारी येतो म्हणून मी त्यांना सोमवारचे भाऊ म्हणते. जामीन नको, चौकशी नको, उंबऱ्यात उभ्या उभ्या पैसे मोजून हातात. व्याज शंभराला दहा, तेही आठवड्याला. मी मॅट्रिकला गणितात चांगले मार्क मिळवलेली बाई, पण त्या दिवशी माझ्या डोळ्यांपुढे फक्त ह्यांचा खालचा जबडा होता.

दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात, ते आमच्याकडे अक्षरशः खरं झालं. हप्ता गेला की चावण्यासारखं काही आणायला पैसे उरत नसत. हे नव्या कोऱ्या दातांनी मऊ भात खात आणि वर म्हणत, काय सुंदर बसलेत! जमाखर्चात खोटं लिहायचं नाही हा माझा नेम, म्हणून हप्ता मी ‘दारावर आलेल्यास’ या सदरात टाकत गेले. एकदा वही चाळताना हे म्हणाले, आपल्या हातून दानधर्म बराच होतो हं. मी देवाकडे बघितलं. देवाने माझ्याकडे बघितलं नाही.

बरं, भाऊ ओरडणारे नव्हेत. ओरडले असते तर परवडलं असतं. ते सायकल भिंतीला टेकवतात, चपला बाहेर काढतात, आणि हप्ता चुकलेला असला की गल्लीला ऐकू जाईल इतक्या मायेने विचारतात, ‘काय वहिनी, साहेबांचे दात कसे आहेत?’ समोरची शिवणवाली ताबडतोब मशीन थांबवते. मग मी डाळीच्या डब्यात हात घालते. डबा रिकामा असला तर भाऊच पहिलं कर्ज फेडायला दुसरं देत आणि दुसऱ्याचं व्याज भरायला तिसरं. जुन्या गिऱ्हाइकाचा मान म्हणून त्यांनी मला भिंतीवरचं घड्याळसुद्धा बक्षीस दिलं. (मला शाळेत कधी बक्षीस मिळालं नव्हतं, ताई. मी ते देवघराच्या वर लावलं.)

शेवटी त्या शिवणवालीनेच सांगितलं की कर्जात रुतलेल्यांना फुकट मदत करणारं एक कार्यालय आहे. (फुकट ना, हे मी दोनदा विचारून घेतलं.) तिच्या फोनवरून चौकशी केली तर ते म्हणाले, कर्जाचे सगळे कागद घेऊन या. इथे आली पंचाईत. कागद सगळे भाऊंच्या पिशवीत. सांभाळायची तुम्हाला कशाला तसदी, म्हणून त्यांनी मला एकाचीही प्रत दिली नव्हती, आणि पिशवीतून ते कागद बाहेर काढत नाहीत. म्हणून मी पिशवीसकट भाऊंनाच घेऊन गेले. खोटं काही बोलले नाही. तुमचे पैसे फिटायची सोय करायला जातेय, येता का, एवढंच विचारलं. ते खुशीत निघाले. बसची तिकिटंही त्यांनीच काढली.

कार्यालय म्हणजे छापखान्याच्या वरची एक खोली, आणि सल्लागार म्हणजे कानावर पेन अडकवलेली एक लहानशी मुलगी. तिने विचारलं, हे कोण? मी म्हटलं, ज्यांचं देणं आहे ते हेच, कागदांबरोबर आलेत. तिने पेन कानावरून काढलं आणि परत ठेवलं. मग भाऊंना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि गोड आवाजात म्हणाली, ‘बरं झालं आलात. सावकारीचा परवाना दाखवता का?’ परवाना मालकांकडे होता. मालक परगावी होते. गाव कोणतं ते भाऊंना आठवेना. तोवर तिने पिशवी पुढे ओढून कागद चाळायला घेतले. सगळ्यात वरच्या कागदावर ताज्या शाईत माझ्या नावे लिहिलेलं होतं: प्रवासखर्च, तिकिटं दोन, व्याज लागू. ताई, बसच्या तिकिटाला व्याज बघितलं आणि माझं मॅट्रिकचं गणित खडबडून जागं झालं. मी तिचं पेन घेऊन आजवरच्या हप्त्यांची बेरीज मांडली. खालचे दात, वरचे दात आणि आणखी एका माणसाची अख्खी कवळी, एवढं देऊन झालं होतं.

मुलगी म्हणाली, घाबरू नका. आम्ही मालकाला पत्र लिहू, व्याज थांबवायला सांगू, आणि खरंच काही देणं निघालं तर ते महिन्यातून एकदा, इथूनच जाईल. ‘आधी जेवण, मग हप्ता. आणि सोमवारी दार उघडायचं की नाही, ते तुम्ही ठरवायचं.’ दार न उघडण्याची मुभा असते, हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलंच नव्हतं.

परतताना भाऊ वेगळ्या बाकावर बसले. उतरताना तेवढ्याच मायेने म्हणाले, ‘साहेबांना ठाऊक आहे ना हे, वहिनी? नसेल तर सोमवारी मीच सांगतो.’ तरी हप्त्याच्या पैशातून मी काकड्या घेतल्या. हे जेवताना त्या खात होते, आणि खोलीभर तो आवाज ऐकून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

गुडघे जपा, देवाचं नाव घ्या, आणि दारावर कोणी फार मायेने आलं तर आधी परवाना विचारा.

तुमची
धाकटी भावजय

ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. ह्यांना यातलं काही माहीत नाही. कार्यालयाने दिलेल्या नव्या हप्त्यांच्या कागदावर आम्हा दोघांची सही लागते, आणि सोमवार जवळ आला. भाऊंच्या तोंडून कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळावं. जगात हे फक्त तुम्हाला भितात. पत्र मिळताच फोन करा. आधी दातांचं कौतुक करा, मग हळूहळू व्याजाकडे या.

पुन्हा ता. क. लिहिलेलं मोठ्याने वाचून तपासायची माझी जुनी सवय. हे बाहेर गेलेत असं समजून वरचं सगळं वाचलं आणि मान वर केली, तर हे दारात उभे, एक चप्पल पायात, एक हातात. आत जाऊन कवळी धुतली, पुसली, परत बसवली. मग म्हणाले, ‘सोमवारी मी रजा टाकतो. दार मी उघडीन. मग दोघं मिळून सही करायला जाऊ.’

तेव्हा ताई, तुम्ही सांगायची गरज उरली नाही. पण फोन मात्र जरूर करा. इतकं ऐकूनही हा माणूस रागावला नाही याचा मला आनंद आहे, आणि थोडी शंकाही आहे. ह्यांनीही कुठे काही करून ठेवलंय का, तेवढं काढून घ्या. कार्यालयाच्या त्या कागदावर देणी लिहायच्या अजून दोन ओळी रिकाम्या आहेत, आणि जास्तीच्या ओळींना पैसे पडत नाहीत.