पऱ्हाटीचा आडोसा

१२ फेब्रुवारी १९८४, बोरगाव

आईचे पाय पुन्हा सुजले. अंगठ्यानं दाबलं तर खड्डा पडते, भरतच नाही. दमही लागून राहिला. हृदय कमजोर आहे, अंगात पाणी साचते, म्हणून सौसरच्या डॉक्टरनं लघवीची गोळी दिली होती. दिवाळीपासून पाय उतरले होते. मग आताच काय झालं? भाजीत मीठ जास्त पडलं असंल म्हणून बायकोवर उगाच ओरडलो.

संध्याकाळी डबी पाहिली. आठ दिवसांच्या गोळ्या तशाच.

आई म्हणाली, "गोळी घेतली का घडीघडी जा लागते. दिवसाउजेडी बाईमाणसानं कुठी बसावं? पऱ्हाटी उभी होती तं आडोसा होता."

घरामागची कपाशीची पऱ्हाटी मीच उपटली, आठ दिवसांआधी. वावर मोकळं दिसलं म्हणून खूशही झालो. बायकोला हे माहीत होतं. मी विचारलंच कुठी?

चुलीसाठी रचलेल्या पऱ्हाट्या अंधाराआधी घरामागं रोवल्या. बायकोनं बांधून दिल्या. आईचा पाय पुन्हा दाबून पाहिला. खड्डा तसाच. ती एवढंच म्हणाली, "रस्त्याच्या अंगानं अजून दाट लाव. सकाळी घेईन गोळी."