डब्यातली लिंबोणी

राइट टाउन, जबलपूर
८ फेब्रुवारी

प्रिय विपुलदादा,

कागदावरचं पत्र बघून घाबरू नकोस, बाबा ठणठणीत आहेत. हे फोनवर बोलता आलं नसतं, एवढंच. आपला फोन म्हणजे बाबा तो स्पीकरवर ठेवून मध्ये बसतात, तू हैदराबादहून 'बाकी सब ठीक?' विचारतोस आणि मी ठीक म्हणते. ठीक नाहीये, दादा. आई गेली तेव्हापासून मी ठीक नाहीये, आणि आज सगळं लिहिणार आहे. चहा घेऊन बस.

आधी बातमी. भोपाळच्या विनता मॅडम, ज्यांच्याकडे मी कोर्सच्या शेवटच्या वर्षी काम शिकले, त्यांनी पुन्हा बोलावलंय. एका मोठ्या हॉस्पिटलचं अठरा एकरांचं आवार आहे, पेशंटांना फिरायला बाग करायची आहे, सगळं कोऱ्या जमिनीपासून. एक मार्चला रुजू व्हायचं. याआधी दोनदा मी त्यांना 'नाही' असं कळवलंय. या वेळी त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं, की चौथ्यांदा त्या विचारणार नाहीत.

इथे मी काय करते? तू ऑफिसात ऐटीत सांगतोस, बहीण लँडस्केप डिझायनर आहे. तर ती बहीण श्यामसुंदरजींच्या नर्सरीत एका डगमगत्या टेबलाशी बसते, सिविल लाइंसच्या बंगल्यांत टेप घेऊन मापं काढते आणि नकाशे करते. नकाशात झाडाचा गोल काढतो ना आम्ही, तो आजच्या रोपाएवढा नसतो. पंधरा वर्षांनी झाड जेवढं पसरेल तेवढा असतो. तेवढी जागा त्याच्यासाठी आजच मोकळी ठेवायची, हीच तर या कामातली खरी गंमत. श्यामसुंदरजी ते गोल बघून हसतात. "दीदी, इतनी खाली जगह? साहब का अगले महीने गृहप्रवेश है!" मग माझे गोल खोडले जातात, कुंड्या खेटून मांडल्या जातात आणि उरलेल्या जागेत प्लास्टिकचं गवत. मागच्या आठवड्यात मी स्वतः गुडघ्यांवर बसून त्या गवताच्या कडा चिकटवत होते. एकदम लक्षात आलं, की कोर्स संपल्यापासून मी एकही झाड जमिनीत लावलेलं नाही. एकही नाही, दादा. तिथेच रडू फुटलं. मालकीणबाईंना वाटलं गोंदाचा वास डोळ्यांत गेला, बिचाऱ्यांनी पाणी आणून दिलं.

मग जात का नाही, म्हणशील. बाबा एका शब्दानं अडवत नाहीत. "जा ना, मी काहून रोखू?" म्हणतात. आणि मला साइटवरून यायला सहा वाजले, तर दुपारची पोळीभाजी तशीच झाकलेली, हे गॅलरीत खुर्ची टाकून फाटकाकडे बघत बसलेले. ओरडले असते तर भांडून निघून गेले असते. या गप्प बसण्याशी कसं भांडायचं ते तूच सांग. हल्ली जिना चढताना माझा श्वास कोंडतो, आणि घर तर दुसऱ्याच मजल्यावर आहे. कधीकधी मला त्यांचा राग येतो. मग पोळी गरम करताना स्वतःचा येतो.

खमरियाचं क्वार्टर आठवतं? समोर केवढं अंगण, काळी कसदार माती, आणि बाबांची सगळी बाग तेलाच्या पत्र्याच्या डब्यांत! मोगरा डब्यात, कढीपत्ता डब्यात, लिंबोणीसुद्धा डब्यात. आई चिडायची, शेजारी हसायचे. बाबांचं एकच म्हणणं, क्वार्टर फॅक्टरीचं, उद्या सोडावं लागेल, जमिनीत लावलं की सोडवत नाही. रिटायर झाले तेव्हा सगळे डबे टेम्पोत चढवले. लिंबोणी तेवढी हलेना. तू जोर लावलास, मी लावला, आई हसतहसत बाजूला झाली. शेवटी बाबाच म्हणाले, राहू दे.

आईच्या तेरवीला संध्याकाळी गच्चीवर तू काय म्हणाला होतास, तेही आठवत असेल. दोन वर्षं तू बघ, मग दोन वर्षं मी. ती गेल्या दिवाळीत पुरी झाली. तू आलास, हर्षावहिनी आली, जगातल्या सगळ्या गोष्टी बोलून झाल्या, तेवढी सोडून. निघताना तू बाबांना म्हणालास, "प्रणोतीला इथंच गमते." मी दारात उभी होते, हातात तुझा फराळाचा डबा होता. मी गप्प राहिले, ती चूक माझी.

मागच्या रविवारी बाबांना स्कूटरवर मागे बसवून खमरियाला नेलं. भोपाळचं सांगायचं होतं, आणि घरात त्या खुर्चीसमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. आपल्या क्वार्टरमध्ये आता दुसरं कुटुंब आहे. लिंबोणी छपराला टेकलीय! डब्याची नुसती वरची कडा बुंध्यात रुतून राहिलीय, बाकी गंजून गेला. त्याचं बूड केव्हाच सडलं होतं, आपण ओढत होतो तेव्हा मुळं खाली जमिनीत गेलेली होती. तिथल्या बाईंनी पिशवीभर लिंबं दिली, "अंकलजी, आप ही का तो पेड़ है." बाबा वाकून बुंधा बघत होते. मी त्यांच्या पाठीकडे बघूनच सगळं सांगून टाकलं. ते नखानं गंजका पत्रा सोलत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर गॅलरीत झाडांच्या डब्यांची वाटणी चाललेली. हे खालच्या अंजनीकाकूंना, हे श्यामसुंदरजींना, आणि सात डबे पुसून वेगळे ठेवलेले. हे कशाला, विचारलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "विपुलच्या गॅलरीत सकाळचं ऊन येते का गं? तू विचार. मी विचारलं तर त्याला नाही म्हणता येणार नाही." दादा, दोन वर्षं मी समजत होते, मीच या घरात अडकलेय. त्यांना तर कोणी चला म्हटलंच नव्हतं. म्हणून हे पत्र. भोपाळला मी हो कळवलंय, अठ्ठावीसची माझी गाडी आहे. मला उत्तर पाठवू नकोस. बाबांना फोन कर, आणि त्यांनी काही म्हणायच्या आधी उन्हाचं सांग. 'बघू' म्हणू नकोस. सातच डबे आहेत.

तुझीच, आणि या वेळी तुझ्या भरवशावर निघालेली,
प्रणोती