बिनसाखरेचा चहा आणि गुडाखू

माय, आज दवाखान्यातून आले आणि हातपाय धुवायच्या आधी तुलाच सांगायला बसले. मलाही शुगर निघाली, हे कळायच्या आत तू गेलीस. असतीस तर म्हणाली असतीस, "माही इष्टेट तुलेच भेटली वो पोरी."

तुझं पथ्य सगळ्या हिंगणी गावात गाजलेलं. पंगतीत बुंदी वाढणाऱ्याचा तू हातच धरायचीस, "नको रे बापा, मले शुगर हाय." चहा बिनसाखरेचा, आणि पिताना तोंड असं की जणू एरंडेल पाजलंय कुणी. चहा संपला की चुलीजवळच्या कोनाड्यातून डबी निघायची. तंबाखू आणि गुळाची ती काळी, चिकट गुडाखू तू बोटावर घेऊन हिरड्यांना चोळायचीस. सकाळी, जेवल्यावर, वावरातून आल्यावर, आणि बाबाशी भांडण झालं की जरा जास्तच. साखर सोडलेली बाई दिवसभर तोंडात गूळ-तंबाखू घोळवते, हे आपल्या घरात कुणाच्याच डोक्यात आलं नाही. हिरड्या सुजून रक्त आलं की तू आणखी चोळायचीस. "सूज हाय, म्हणून तं लावून राह्यली. दबून जाते थे." माझी दाढ दुखली तेव्हा मलाही पहिलं बोट तूच लावलंस. मी चक्कर येऊन गोठ्यात बसले आणि तू तोंडाला पदर लावून हसत होतीस. दाढ पडली, गुडाखू राहिली.

तू गेलीस त्या सकाळी तुझी छाती दुखलीच नाही. घाम सुटला, जीव घाबरला. "गॅस झाला असन," म्हणत तू ओवा चावलास, वांगी चिरायला बसलीस आणि विळीजवळच कलंडलीस. त्यानंतर मी घरात वांगं आणलं नाही. तुझा जावई चिडायचा, पण मला ते बघवत नव्हतं.

यंदा कापूस वेचताना मला तसाच घाम सुटला. घरी येऊन ओव्याकडे हात गेला होता, पण विळीजवळ कलंडलेली तू दिसलीस. तशीच वर्ध्याचा दवाखाना गाठला. झटका नव्हता, पण शुगर निघाली आणि हृदयाच्या नळीत चरबी धरायला लागली होती. डॉक्टरीणबाई तुझ्या धाकट्या नातीच्या वयाची. म्हणाली, "काकू, शुगर असली की रक्ताच्या नळ्यांना आतून बारीक सूज राहते. ती दिसत नाही, दुखत नाही. त्या सुजेनं चरबी धरते, एखाद्या दिवशी फुटते आणि गाठ होऊन रक्त अडतं. शुगरनं नसा बधिर झालेल्या, म्हणून कित्येकांना झटका आला तरी कळत नाही." मग मला आ करायला लावून तिनं कपाळाला हात लावला. "अंगातल्या सुजेत या हिरड्या भर घालताहेत, आणि तंबाखू नळ्या खराब करते ते वेगळंच. काय लावता?"

"औषध हाय बाई थे," मी म्हणाले. "माह्या मायनं देल्लं."

ती हसली. "आई कशानं गेल्या?" तिनं विचारलं, आणि मी कमरेची डबी काढून तिच्यापुढं ठेवली.

सोडली, माय. दातांच्या डॉक्टरनं हिरड्या खरवडल्या तेव्हा तुझ्या नावानं दोन शब्द गेले, माफ करजो. पहिले दिवस मी अशी करवादले की तुझा जावई जेवण घेऊन गोठ्यात बसायचा. "बैल बरा," म्हणे, "शिंग उगारून सांगते तरी." बडीशेप खाऊन खाऊन जबडा दुखला. आणि आज रिपोर्ट आला. रक्तातली सूज दाखवणारा आकडा उतरला, शुगरही उतरली. डॉक्टरीणबाईंनी माझ्या हातावर टाळी दिली. गोळ्या मात्र चालूच राहणार, असं बजावलं. येताना मी बाजारातून वांगी आणली. आता विळीवर बसणार आहे.

हा कागद माझ्या कोनाड्यात, तुझ्या डबीखाली राहील. डॉक्टरीणबाईंनी घरातल्या सगळ्या डब्या फेकायला सांगितल्या होत्या. माझ्या फेकल्या. तू गेल्यावर इकडे आणलेली तुझी आहे अजून, तळाशी वाळलेली काळी खरपुडी धरून. बोट लावत नाही, तुझी आण. पण आज घरात शिरल्याबरोबर मी तिचं झाकण उघडून वास घेतला. तुझ्या पदराला हाच वास यायचा.