थॉर्नबीच्या दारातली हाक

वॉलिस बेट, साऊथ कॅरोलायना
४ मार्च २०१८, रविवार

प्रिय कूटा,

अनेक आशीर्वाद. तू बरा असशील, गुडघे कुरकुरत असतील आणि फोन वाजला की नेहमीसारखा नुसता त्याच्याकडे बघत बसत असशील. म्हणून पत्र लिहिते आहे. पत्राला निदान दारातून उचलून टेबलावर ठेवावं लागतं. माझी सून म्हणते, सदुसष्ट वर्षांच्या माणसाला कूटा काय म्हणता, लेमुएल म्हणा. मी म्हटलं, हे घरचं नाव आईनं ठेवलंय, बदलायचं तर तिनंच. कूटा म्हणजे कासव, आणि तशी मान आत ओढून बसायची खोड तुला पाळण्यात होती आणि फिलाडेल्फियात जाऊनही ती गेली नाही. मग नाव चुकलं कुठे?

इकडे सगळं ठीक आहे. अझेलिया फुलल्यात. ओहोटीला खाडीच्या चिखलाचा तो वास येतो, ज्याला बाहेरचे लोक नाक धरतात आणि ज्याच्यासाठी तू एकदा रडला होतास. माझ्या डेरेलनं कोळंबीची होडी विकली, आता शाळेची बस चालवतो. नवा पाद्री फार लांबण लावतो. मागच्या रविवारी त्याचं प्रवचन संपेपर्यंत माझा चुलीवरचा भात लागला. आई बरी आहे. थोडी थकते, एवढंच.

आता मुद्द्याची गोष्ट. थॉर्नबी मळ्यावरचं मालकांचं मोठं घर जुनी घरं जपणाऱ्या एका संस्थेनं घेतलंय. खांबांना पांढरा रंग, खिडक्यांना नव्या काचा, ओकच्या झाडांखाली बाकं. तेवढंच नाही, आधी गुलामांची आणि मग आपली झालेली आळीसुद्धा त्यांनी नीट केली. सगळी नाही, चार खोपटी. त्यांतलं एक आपलं. लोकांसाठी उघडण्याआधी, १९ मे रोजी, जी कुटुंबं त्या आळीत राहिली त्यांना बोलावलंय.

आमंत्रण घेऊन मिस व्हिटनी नावाची पोरगी स्वतः आली. गोरी आहे, चष्मा लावते, येताना केक घेऊन आली, मनानं चांगली आहे. आईसमोर खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाली, "मिसेस ब्लायजेन, तुमचं घर आम्ही अगदी मूळ रूपात आणलंय. अठराशे पन्नास सालचं."

आई म्हणाली, "पोरी, अठराशे पन्नासात मी कुठे होते? माझ्या भिंतींवर वर्तमानपत्रं चिकटवली होती, ती कुठे गेली?"

"ती फार नंतरची होती, मॅम. काढावी लागली."

"मीपण नंतरचीच आहे. मलापण काढणार का?"

बिचारी केकच्या डब्यासारखी लालगुलाबी झाली. आई मात्र खूश. ब्याण्णव वर्षांची झाली, पण जिभेला गंज नाही.

तर सगळी तयारी माझ्या गळ्यात पडली आहे, आणि तुला ठाऊक आहे मला तेच आवडतं. चर्चची बस ठरली. लाल भात मी करते, भेंडीचं सूप सून करते, खेकडे डेरेल आणतो. आत काही खायचं नाही असा त्यांचा नियम आहे, म्हणून बाहेर ओकखाली जेवू. थिओफिलसला सगळ्यांसाठी सारखे टी-शर्ट हवेत, छातीवर मोठ्या घराचं चित्र. मी म्हटलं, "ज्या घरानं आपल्या बापजाद्यांच्या पाठी मोडल्या, ते छातीवर मिरवायचं?" तर म्हणतो, "मग पाठीवर छापू का?" आपल्या चुलतभावाला देवानं अक्कल वाटताना रांगेतून बाहेर काढलं होतं.

अडचण एकच. आई आता चाकाच्या खुर्चीत असते, आणि खोपट्याला दगडी पायऱ्या आहेत. जुन्या वास्तूला फळी ठोकता येत नाही म्हणे. म्हणजे तिला उचलून न्यावं लागणार. मी तिला म्हटलं, तू मोठ्या घरातच बस, तिथे मागच्या बाजूनं उतार आहे. ती म्हणाली, "त्या घराच्या चादरी मी वीस वर्षं धुतल्या. मला ते आतून-बाहेरून ठाऊक आहे. मला माझ्या दारात न्या."

तू ये. आगगाडीनं चार्ल्सटनपर्यंत ये, डेरेल घ्यायला येईल. रोज तुझं नाव काढते ती. मी थोरली बहीण आहे, हुकूम करायचा माझा हक्क आहे, पण या वेळी हुकूम करत नाही. विचारते आहे.

तुझी,
टिटा

वॉलिस बेट
१५ एप्रिल २०१८

कूटा,

तुझं कार्ड मिळालं. पुढच्या बाजूला फिलाडेल्फियातला पूल, मागच्या बाजूला दोन ओळी. "जिथून हाकलून दिलं तिथे मी पाहुणा म्हणून जाणार नाही. आईला सांग, मी बरा आहे."

वाचून मी इतकी संतापले की कार्ड फडताळावर आपटलं आणि दिवसभर सगळ्यांवर खेकसत होते. सून म्हणाली, "तुमच्या भावाचा राग आमच्या डोक्यावर का?" मी म्हटलं, तो हाताशी असता तर त्याच्याच डोक्यावर काढला असता.

आता शांतपणे लिहिते. मी तुला मागे लिहिलं की आई थोडी थकते. ते खरं नव्हतं. तिचं हृदय थकलं आहे आणि पाय सुजलेत. एक नर्स घरी येते, औषध बरं करायला देत नाही, त्रास कमी व्हावा म्हणून देते. मे महिना गाठेल का, हे मी नर्सला विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. तुला घाबरवून बोलवायचं नव्हतं मला. तू आपल्या मनानं यावंस असं वाटत होतं. मूर्खपणाच तो.

आणि आई थॉर्नबीला सहल म्हणून जात नाही आहे. तुझ्यासाठी जाते आहे.

कुठूनही निघताना आई काय करायची, तू विसरला नसशील. चर्च असो, मावशीचं घर असो, बाजार असो, दारात उभी राहून एकेका पोराला नावानं हाक मारायची. "टिटा, चल! रूथी, चल गं, जाऊ या!" हाक मारली नाही तर पोराचं अंग घरी येतं आणि जीव मागेच राहतो, मग ते पोर जन्मभर कुठेच रमत नाही. तिची आई करायची, तिच्या आईची आई त्याच खोपट्यात राहून करायची. मीही करते. परवा दुकानातून निघताना मी डेरेलच्या पोरांना हाका मारल्या, तर सून लाजून गाडीत जाऊन बसली.

अडुसष्टच्या जानेवारीत आपण थॉर्नबी सोडलं, तो दिवस. आधीच्या आठवड्यात तू मळ्यावरच्या शेडमध्ये, सगळ्यांच्या देखत, मालकाच्या मुलाला म्हणाला होतास, "माझ्या आईला ड्रुसिला म्हणू नका. तिला मिसेस ब्लायजेन म्हणायचं." तो आईच्या निम्म्या वयाचा होता. दुसऱ्याच दिवशी घर खाली करायचा निरोप आला. आई तुझ्याशी एक शब्द बोलली नाही. भांडी, गाद्या, कोंबड्या, सगळं थिओफिलसच्या बापाच्या ट्रकमध्ये चढलं. मग आई दारात उभी राहिली आणि तिनं मला हाक मारली. आपल्या बहिणीला, रूथीला हाक मारली. आणि दार ओढून घेतलं.

तू ट्रकच्या मागच्या फळीवर बसला होतास. तू ऐकत होतास. मी तुझ्याकडे बघितलं, तू तोंड फिरवलंस. त्या वसंतात तू बेट सोडलंस. तीन बायका झाल्या, किती घरं झाली देव जाणे, आणि आपण दोघं या गोष्टीवर एकदाही बोललो नाही. मी मनाला समजावत होते की गडबडीत राहून गेलं असेल.

राहून गेलं नव्हतं. मागच्या आठवड्यात मी तिचे पाय चोळत होते तेव्हा तिनं स्वतःच काढलं. "मी मुद्दाम मारली नाही हाक," म्हणाली. "मला वाटलं, याच्या तोंडापायी माझं घर गेलं, राहू दे याला इथेच. गाडी गेटाबाहेर पडली आणि मला कळलं मी काय केलं. पण परत फिरायला तोंड नव्हतं. टिटा, त्यानं माझ्या नावासाठी घर घालवलं, आणि मी त्याचंच नाव घेतलं नाही."

मी म्हटलं, "आई, त्याला फोन लावून देते, सांग त्याला." ती म्हणाली, "फोनवरून काय येतं? जिथे सोडला तिथूनच आणायला हवा. मी दारात उभी राहून हाक मारीन आणि तो तिथे असला पाहिजे, पायांवर चालत येणारा. मग मी सुखानं जाईन."

तू म्हणशील, म्हातारीच्या समजुती. असतील. तू शिकलेला आहेस, तुझं खरं असेल. पण ती रोज सकाळी उठून विचारते, कूटाचं पत्र आलं का? तुझं कार्ड मी तिला दाखवलं नाही. म्हटलं, येतोय बहुतेक.

मला खोटं पाडू नकोस रे.

टिटा

वॉलिस बेट
२८ मे २०१८

कूटा,

डेरेलनं तुला फोनवर कळवलंच आहे. आई परवा सकाळी गेली. मी बोलू शकले नसते म्हणून त्याला सांगितलं. आता लिहून सांगते, कारण त्याला सांगता न येण्यासारखं बरंच आहे.

१९ तारखेला आम्ही गेलो. नर्स नको म्हणत होती. आईनं पांढरी टोपी घातली, हातमोजे घातले, आणि बसमध्ये चढल्यापासून रस्त्याकडे बघत होती. प्रत्येक गाडीकडे. गेटापाशी एक उंच माणूस पाठमोरा उभा होता, तर माझा हात धरून म्हणाली, "बघ." तो बागेचा माळी निघाला.

मोठ्या घराच्या पुढच्या पायऱ्यांवर मिस व्हिटनी सगळ्यांचं स्वागत करत होती. आई तिकडे गेलीच नाही. डेरेल आणि थिओफिलसनं तिला उचलून सरळ आळीत नेलं आणि आपल्या उंबऱ्यावर बसवलं. आत काय होतं विचारू नकोस. एक गवताची गादी, एक लोखंडी भांडं, मागे लाकडी भिंती नुसत्या उघड्या. त्यात आपलं काहीच नव्हतं. आईनं आत वळूनही बघितलं नाही. मला विचारलं, "आला नाही ना?"

मी म्हटलं, "नाही, आई."

"तू म्हणाली होतीस येतोय."

"चुकलं माझं."

मग तिनं हाक मारली. आवाज राहिला नव्हता, पण जेवढा होता तेवढा सगळा लावला. "कूटा! लेमुएल! चल रे बाळा, जाऊ या!" आणि हाक मारून ती वाट बघत बसली. रुसलेलं पोर झाडामागून निघायला वेळ लावतं, तशी वाट बघत होती. आमच्यातलं कोणी हललं नाही. थिओफिलस, जो बापाच्या मयतालाही विनोद करत होता, तो टी-शर्टानं डोळे पुसत होता. तिनं पुन्हा हाक मारली, आणि पुन्हा.

मग म्हणाली, "रागावलाय. बरोबर आहे त्याचं."

जेवण कोणाला गेलं नाही. निघायची वेळ झाली तेव्हा मी दारात उभी राहून सगळ्यांना हाका मारल्या, आता ते काम माझं. पोरांना मारली, डेरेलला, थिओफिलसला, सुनेलासुद्धा. ती या वेळी लाजली नाही, "आले" म्हणाली. शेवटी मी आईकडे वळले, तर तिनं हातमोज्याचा हात माझ्या तोंडावर ठेवला.

"माझं नाव घेऊ नकोस."

"आई, असं करू नये."

"मी करते. माझं पोर इतकी वर्षं इथे एकटं बसलंय, टिटा. मी थांबते त्याच्यापाशी."

मी तिच्या पाया पडायचीच बाकी राहिले होते. डेरेल म्हणाला, "मॉम, हाक मार ना, घेऊन जाऊ आजीला." पण तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी जन्मभर तिचं ऐकलं तसं त्या वेळीही ऐकलं. हाक मारली नाही. तिला उचलून बसमध्ये ठेवलं. वाटेत ती बोलली नाही, घरी आल्यावर बोलली नाही, खाल्लं नाही. नर्स म्हणते, हृदय होतं ते, कधीतरी थांबणारच होतं. मी मान हलवते. पण आम्ही थॉर्नबीहून काय घरी आणलं ते मला माहीत आहे. आम्ही नुसतं तिचं अंग आणलं.

मी तुझ्यावर रागावले होते. आता नाही. तिनं चूक केली, तिला ती कळली आणि ती सुधारायला ती आपल्या परीनं गेली. तू आला नाहीस, त्यालाही कारण होतं. दोघंही एकमेकांची वाट बघत बसलात आणि मधे पन्नास वर्षं गेली, याचंच मला फार वाईट वाटतं. याला आता कोण काय करणार?

शनिवारी, २ जूनला, चर्चमध्ये प्रार्थना आहे. तू चर्चमध्ये नाही आलास तरी मी काही म्हणणार नाही. लोक विचारतील, त्यांना मी बघून घेईन. पण त्याआधी थॉर्नबीला जा. पाहुणा म्हणून नको जाऊ, मुलगा म्हणून जा. आळीत आपल्या दाराशी उभा राहा. तिनं मला मनाई केली आहे, तुला केलेली नाही. मोठ्यानं मार हाक, लोक बघतील तर बघू देत.

आणि येताना आईला घेऊन ये.

तुझी टिटा